पंचावन्न किलोची अट

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यात नासिर होडेकरांना ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण. बंदरावर सगळे त्यांना नासिरभाई म्हणतात आणि फुटबॉल खेळणारी पोरं सर म्हणतात. सर म्हटलेलं त्यांना जास्त आवडतं. आता साठीला टेकलेत, गुडघे कुरकुरतात, तरी संध्याकाळी चारच्या ठोक्याला शिट्टी गळ्यात अडकवून मैदानावर हजर. शिट्टी कतारातल्या दोह्याची आहे, हे तुम्ही न विचारताही ते सांगतील.

दोह्यात त्यांनी सोळा वर्षं काढली. कामगारांच्या छावण्यांवर जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीची गाडी चालवायचे. तिथून येताना त्यांनी दोन ब्लँकेटं, एक मिक्सर आणि एक ठाम मत आणलं. ब्लँकेटं आणि मिक्सर यांनी कुणाचं वाईट केलं नाही. मताचं तसं म्हणता येत नाही.

ते मत कुठून आलं ते सांगायला हवं. दोन हजार अकराच्या जानेवारीत आशिया चषक दोह्यात भरला. भारताचा पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाशी. ऑस्ट्रेलिया आशियात कधी आली, हा प्रश्न नासिरभाईंनाही पडला होता. नकाशात ती जिथल्या तिथेच होती, पण फुटबॉलवाल्यांनी पाच वर्षांपूर्वी तिला आशियात घेतलं होतं आणि आता ती समोर उभी होती. नासिरभाई कंपनीतल्या तीस-पस्तीस भारतीय माणसांबरोबर वरच्या रांगेत बसले. जवळचा कापडी झेंडा त्यांनी नीट घडी करून मांडीवर ठेवला होता. तो उलगडायची वेळ काही आली नाही. चार गोल बसले. आपली माणसं त्या गोऱ्यांच्या खांद्यावर आपटून मागे पडत होती, चेंडू वर गेला की आपल्या डोक्यांच्या वर दुसरीच डोकी दिसत होती. परत येताना बसमध्ये नासिरभाईंनी खिडकीकडे तोंड करून मनाशी ठरवून टाकलं, की आपल्याकडे पाय आहेत, हाडं नाहीत. हाडं पाहिजेत.

त्याच चषकाच्या अंतिम सामन्यात जपानने त्याच ऑस्ट्रेलियाला हरवलं. जपानची पोरं काही ताडमाड नव्हती. पण त्या दिवशी नासिरभाई कामाच्या पाळीवर होते, सामना त्यांनी पाहिलाच नाही. दुसऱ्या दिवशी कुणी निकाल सांगितला तेव्हा ते म्हणाले, "नशीब," आणि गाडी सुरू केली. मत तयार झालं होतं ना, मग त्याला धक्का कशाला लावायचा.

दुसऱ्या वर्षी ते कायमचे परत आले. बंदरावर मासळीच्या लिलावात त्यांना काट्यावरचं काम मिळालं. टोपल्या येतात, काट्यावर चढतात, नासिरभाई आकडा पुकारतात. मोठी सुरमई एका बाजूला, लहान दुसऱ्या बाजूला. कुणी हुज्जत घालत नाही, कारण काटा खोटं बोलत नाही. हे काम त्यांना फार मानवलं. आणि मिरकरवाड्याच्या पोरांचा संघ त्यांच्या हातात आला, तेव्हा त्यांनी केलं ते दुसऱ्या कुठल्या गावात कुणाच्या डोक्यातही आलं नसतं. लिलाव उरकल्यावर काटा धुऊन घेतला, पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला वर चढवलं. पंचावन्न किलोच्या वरचे संघात. आतले बाहेर.

लोक हसले. पण नासिरभाई दोह्याला राहून आलेले, ऑस्ट्रेलिया डोळ्यांनी पाहिलेले. त्यांच्यापुढे बोलणार कोण? शिवाय पहिल्या दोन वर्षांत संघ जिंकलाही. जिल्ह्यातल्या शाळकरी पोरांवर ही धिप्पाड पोरं चालून गेली की समोरचे बाजूलाच व्हायचे. एक ढालही आली. ती साबेराच्या कपाटावर ठेवली, कारण नासिरभाईंच्या घरात जागा नव्हती.

साबेरा ही त्यांची धाकटी बहीण. आणि अमन हा तिचा मुलगा.

अमन चेंडू शिकला तो मैदानावर नाही, जेटीवर. सकाळी बोटी लागल्या की जेटीवर पाय ठेवायला जागा नसते. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका, बर्फाच्या हातगाड्या, पसरलेले दोर, आणि सगळ्या जमिनीवर मासळीचं पाणी. तिथे जोर लावणारा पहिल्या दोन पावलांत आपटतो. अमन आठ वर्षांचा असल्यापासून त्या गर्दीतून चेंडू घेऊन जायचा. बायका शिव्या घालायच्या, पण चेंडू कुणाच्या टोपलीला लागला अशी तक्रार कधी आली नाही. चेंडू त्याच्याकडे येऊन थांबायचा, जणू ओळखीचा माणूस. समोरचा अंगावर आला की हा खांदा नुसता कलता करी, आणि तो माणूस हा जिथे नाही तिथे धावत जाई. नासिरभाईंनी हे पाहिलं नव्हतं असं नाही. रोज पाहत होते. पाहून त्यांना बरंही वाटायचं. पण ते म्हणायचे, "हा जेटीवरचा खेळ. ऑस्ट्रेलियाचा गडी एक धक्का देईल नि हा खाडीत."

मिरकरवाड्यावर ऑस्ट्रेलिया कधी चालून येणार होती, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

दोन हजार चौदा साली अमन पंधरा वर्षांचा होता. त्या वर्षी मुंबईच्या एका क्लबचा निरोप आला, की रत्नागिरीतून दोन मुलं चाचणीला पाठवा, निवड तुमच्यावर. निवडले गेले तर तिथेच राहणं, खाणं, शाळा, खेळ. साबेरा भावाकडे आली. आजवर तिने त्यांच्याकडे काही मागितलं नव्हतं.

"भाई, याला धाडा. हे पोर दुसरां काय करणार नाय. चेंडूशिवाय याला काय सुचत नाय."

"काट्यावर येऊ दे," नासिरभाई म्हणाले. "सगळ्यांना एकच कायदा."

अमन काट्यावर चढला तेव्हा त्याची चड्डी खाली ओघळत होती. नासिरभाईंनी खिशात हात घातला तर आत शिशाच्या गोळ्या, जाळ्याला खालून लावतात त्या. दोन्ही खिसे भरलेले. एवढं करूनही काटा एकोणपन्नास दाखवत होता. नासिरभाई मोठ्याने हसले, आणि ते हसले म्हणून सगळं बंदर हसलं. अमनही हसला. गोळ्या काढून त्याने जाळंवाल्याला परत नेऊन दिल्या.

मुंबईला गेला सावर्ड्याचा विनीत, इथे मामाकडे शिकायला असलेला, एकाहत्तर किलोचा. त्याच्याबरोबर तसाच दुसरा एक. तिसऱ्या दिवशी दोघं परत आले. आणि त्याच दुपारी नासिरभाईंना क्लबच्या प्रशिक्षकाचा फोन आला.

ही गोष्ट दहा वर्षं एकट्या नासिरभाईंना माहीत होती. प्रशिक्षक सरळ माणूस होता. म्हणाला, पोरं दणकट आहेत, पण दणकट पोरं मला इथे गल्लीगल्लीत मिळतात. चेंडू पायाशी ठेवता येणारा कुणी नाही का तुमच्याकडे? लहानखुरा असला तरी चालेल, अंग आम्ही भरवू. एक जागा परवापर्यंत मोकळी ठेवतो.

नासिरभाई तेव्हा काट्याशेजारीच बसले होते. समोर जेटीवर अमन बर्फाच्या गाडीला वळसा घालून चेंडू नेत होता. अमनला पाठवतो, एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण ते बोलायचे म्हणजे पंचावन्न किलोची अट, दोन वर्षांची पुकार, शिशाच्या गोळ्यांवरचं ते हसू, सगळं खोटं पडलं असतं. आणि तेही मुंबईच्या माणसाच्या एका फोनने. मान खाली घालून ते म्हणाले, "नाही साहेब. तसा कुणी नाही आमच्याकडे."

अमनला यातलं काही कळलं नाही. मामू त्याला एवढंच म्हणाले होते की वजन वाढव, मग बघू. पोराने ते मनावर घेतलं. शाळा सुटली की बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलायला जाऊ लागला, अंग भरावं म्हणून. साबेरा दुसऱ्याच्या घरची भांडी घासून त्याला रोज चार अंडी घालायची. दोन वर्षांत तो अठ्ठावन्न किलोचा झाला, आणि मोठ्या आनंदाने मैदानावर आला. नासिरभाईंनी त्याला लगेच संघात घेतलं. पण जो आला तो दुसराच कुणीतरी होता. मान जाड झाली होती, खांदे भरले होते, आणि एकदा लादी निसटून गुडघ्यावर बसली होती, तो गुडघा वळताना अडत होता. चेंडू यायचा आणि हातभर पुढे जायचा. अमन तो ढकलत पळायचा, इतरांसारखाच. वर्षभर खेळला आणि आपणहून थांबला. कारखान्यातली नोकरी कायम झाली. पुढे लग्न झालं. आज जेटीवर बर्फ फोडायचं यंत्र तोच चालवतो, आणि वाटेत मामू दिसले की हातातलं काम टाकून सलाम करतो.

टाळेबंदीत बंदर बंद पडलं तेव्हा नासिरभाईंना वेळच वेळ होता. मोबाइलवर त्यांनी पहिल्यांदा तो अकरा सालचा अंतिम सामना पाहिला, ज्याला ते नशीब म्हणाले होते. जपानी पोरं अंगाला अंग लावतच नव्हती. चेंडू फिरत राहिला, मोठी माणसं त्याच्यामागे फिरत राहिली, आणि शेवटी जादा वेळेत डावीकडून एक चेंडू आला तेव्हा गोलापुढे जपानचा गडी एकटा उभा होता. त्या गोलात कुणी कुणाला ढकललं नव्हतं. मग त्यांनी आपला तो चार गोलांचा सामनाही शोधून पाहिला. त्यातला एक गोल तर लांबून पायाने मारलेला, इतका देखणा की दोनदा पाहावा. त्या ऑस्ट्रेलियनांनाही चेंडू येत होता. वरच्या रांगेत बसून नासिरभाईंनी फक्त त्यांचे खांदे पाहिले होते.

त्यानंतर त्यांनी पोरांना काट्यावर चढवणं बंद केलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. लोकांना वाटलं, भाई थकले.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत पुन्हा कतारात, पुन्हा आशिया चषक, आणि पुन्हा पहिलाच सामना ऑस्ट्रेलियाशी. शनिवारी संध्याकाळी पोरांनी सरांना खुर्ची देऊन टीव्हीपुढे बसवलं. आपल्या पोरांनी मध्यंतरापर्यंत एकही गोल होऊ दिला नाही. जिवाच्या आकांताने अडवलं. पण चेंडू मिळाला की काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मिळाला की लांब मारायचे, आणि तो परत यायचा. दोन गोल झाले, दोन्ही साध्या पायाने. एक पोरगा म्हणाला, "सर, ताकदीत कमी पडलो आपण." हे वाक्य त्याला नासिरभाईंनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जेटीवर गेले. मनाशी नक्की होतं, आज अमनला फोनची गोष्ट सांगायची. रागावला तर रागावू दे, चार माणसांत बोलला तर बोलू दे. दहा वर्षांचं हे ओझं आता त्यांना उचलवत नव्हतं. ते उतरवलं तर कुणाच्या डोक्यावर जाईल, एवढा विचार मात्र राहून गेला.

अमनने यंत्र बंद केलं, उलटी टोपली पुसून मामूंना बसायला दिली आणि टपरीवरून चहा सांगितला. नासिरभाईंनी चहा येईपर्यंत धीर धरला नाही. सगळं सांगून टाकलं. प्रशिक्षक काय म्हणाला, जागा कुठवर मोकळी होती, आपण काय उत्तर दिलं. शेवटी म्हणाले, "तू कमी नव्हतास, अमन. मी चुकलो. मला माफ कर."

अमनने हातावरचा बर्फाचा चुरा झटकला. तो रागावलाही नाही.

"लहानखुरा चालंल, असां म्हणाला व्हता तो?" त्याने विचारलं.

"व्हय."

"परवापर्यंत?"

"व्हय."

चहा आला. अमनने एक कप मामूंच्या हातात दिला, दुसरा आपल्यासाठी घेतला आणि न पिता यंत्रावर ठेवला.

"मामू, मी काय समजत व्हतो, सांगू? मला वाटायचां, अल्लाने मला अंगच कमी दिलां, त्यात कुणाचा काय दोष. तुमी दोह्यात बघून आलेले, तुमाला कळतां. अंग दिलां नाय तर नाय. त्या एका गोष्टीवर मी दहा वर्षां बरा झोपलो. कुणावर राग नाय, कायच नाय." त्याने खाली मान घालून यंत्राचं बटण चाचपलं. "तुमी आज सांगितलांत नसतां तर बरां झालां असतां."

मागून कुणीतरी बर्फासाठी हाक मारली. अमनने यंत्र सुरू केलं. नासिरभाई टोपलीवर बसून राहिले. चहा प्यावा की ठेवून द्यावा हेही त्यांना कळेना.