लोणावळ्याचा जुना बंब आणि वलवणचा स्विमिंग पूल

लोणावळ्याला जाऊन एकही पॉइंट न बघता, चिक्कीचा तुकडाही न घेता परत आलेली माणसं फार नसतील. मी आणि माझे सासरे, म्हणजे आबा, त्यातले दोन.

आबा लोणावळ्यात अग्निशमन दलात होते. आमच्याकडे कुठलंही बारसं-लग्न आबांच्या तोंडून चिक्की कारखान्याच्या आगीची गोष्ट ऐकल्याशिवाय पार पडत नाही. आग लागते, आबा धुरात शिरतात आणि मॅनेजरला खांद्यावर टाकून बाहेर आणतात. दर वर्षी मॅनेजरचं वजन वाढतं. तर, आबा ज्यावर कामाला लागले तो गावातला जुना बंब आता भंगारात जाणार अशी खबर आली. आबांना तो एकदा बघायचा होता. नवरा म्हणाला, "गुगलवर फोटो असेल की." त्या संध्याकाळी आबा ताट अर्धं टाकून उठले. मी बुधवारची रजा टाकली.

तुम्हीही जाणार असाल तर मधल्या वारीच जा. शनिवार-रविवारी लोणावळ्यात फक्त गाड्यांचे मागचे दिवे दिसतात. शिवाजीनगरहून सकाळची लोकल धरली, तिकीट वडापावपेक्षा स्वस्त, खिडकीही मिळाली. घोरावाडी स्टेशन येईपर्यंत आबांनी दोन आगी विझवल्या होत्या. पुढे मार्चमधले पिवळे डोंगर आणि त्यांच्या पोटाशी नव्या इमारती दिसू लागल्या. आबा प्रत्येक इमारतीचे मजले मोजत आणि मान हलवत.

बंब अग्निशमन केंद्राच्या मागच्या बाजूला उभा होता. चाकं जमिनीत रुतलेली, दारावर गंज, बॉनेटमधून घाणेरीचं झुडूप वर आलेलं. आबा पायरीवर चढले, आत बसले, स्टिअरिंग हलवून बघितलं. मला वाटलं आता डोळे पुसतील. ते म्हणाले, "सीट तवाबी अशीच टोचत व्हती."

मग ऐकायला मिळाला दलाचा इतिहास. आधी बंबच नव्हता. पाण्याचा टँकर आणि त्याला जोडलेला पंप. भोंगा झाला की माणसं ताटावरून उठून धावायची. बंब आला तेव्हा त्याला हार घातला, नारळ फोडला, आणि पहिल्याच कॉलला तो चढावर बंद पडला. लोकांनी ढकलत नेला, तोवर आग जळायचं ते जाळून थंड झालेली. पुढे गाव वाढलं, एक्सप्रेस वे झाला, बंगले आले. आता निम्मे कॉल आगीचे नसतातच. कुणी सेल्फी घेताना दरीत घसरतं, कुणी धरणात पोहायला उतरतं, एकदा बैल सेप्टिक टँकमध्ये पडला होता. "बैलानं सगळ्यात कमी तरास दिला," आबा म्हणाले.

स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला (चटणी मागून घ्या, आपणहून देत नाहीत) आणि रिक्षानं वलवणला निघालो. भाडं आधी ठरवा, मीटर हा तिथे शोभेचा प्रकार आहे. वलवणच्या एका वाडीत आबांचे जुने जोडीदार सावंतभाऊ राहतात. पिठलं-भाकरी, ठेचा, वर ताक. जेवताना मी भोळेपणानं मॅनेजरचा विषय काढला. सावंतभाऊंना ठसका लागला.

"ह्यानं काढला? अगं पोरी, हा धुरात चक्कर यून पडलाता. मॅनेजरनं ह्याला पायाला धरून वढत आणला!"

आबांनी भाकरी शांतपणे मोडली. "मग पोरासोरांना काय सांगायचं? चक्कर यून पडलो म्हून? जेवण तरी जाईल का कुणाला?"

आम्ही हसत होतो तोच बाहेरून आरोळी आली. "वणवा! वणवा खाली आला!"

डोंगरउतारावरचं गवत पेटलं होतं. कुणी पेटवलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. वारा वाडीकडे, आणि आगीच्या वाटेत पहिलं घर पारूमावशींचं. घराला लागून गवताची गंज, गंजीला लागून शेळ्यांचा गोठा. सावंतभाऊंनी फोन लावला आणि बंब खरोखर पटकन आला. आला तो गल्लीच्या तोंडाशीच अडला. भाड्याच्या बंगल्यात आलेल्या पाहुण्यांची थोरली गाडी रस्त्यात आडवी लावलेली, आणि चावी कुणाच्या खिशात आहे ते कुणालाच माहीत नाही.

"आधी बंब नव्हता," सावंतभाऊ ओरडले, "आता हाय तर वाट न्हाई!"

जवान हातानं उचलायचा पंप घेऊन पळत वर आले. पण पाणी? बंबातलं पाणी खाली, आग वर. आबांनी शेजारच्या त्याच बंगल्याच्या भिंतीवरून डोकावून पाहिलं आणि जवानांना हाक मारली, "हितं या! तळं हाय!"

तळं म्हणजे स्विमिंग पूल. आत चार-पाच पोरं, एक जण फुगवलेल्या बदकावर पडलेला. बंगल्याचा मॅनेजर धावत आला. "काका, पूल प्रायव्हेट आहे. ओनरना विचारावं लागेल."

"इचार. तवर आमी पाणी घेतो."

"अंकल, किती वेळ लागेल?" बदकावरचा म्हणाला.

"बाहेर निघ बाबा, न्हाईतर नळीत जाशील."

पोरं निघाली. जवानांनी नळी पाण्यात सोडली, आबा आणि सावंतभाऊ दुसरी नळी भिंतीवरून पलीकडे ओढू लागले. मी गोठ्याकडे पळाले. धुरात काही दिसेना, मावशी दाव्याच्या गाठीशी झटत ओरडल्या, "आधी ती गाभण सोड गं!" मला गाठ सुटेना. शेवटी खुंटाच उपटला. शेळी मला घेऊनच बाहेर पडली. गुडघे फुटले, पण मागोमाग मावशींनी सोडलेल्या बाकीच्या सगळ्या आल्या.

पंप सुरू झाला, भिंतीपलीकडून पाण्याची धार आली, आणि गोठ्याचं छप्पर कडेला काळं पडून वाचलं. गंज मात्र निम्मी गेली. विझलेल्या राखेपुढे मावशी बसल्या. "पावसापातूर ह्यांना घालू काय?" सावंतभाऊ म्हणाले, "माझी गंज हाय की. उद्या ये गाडी घिऊन." मावशींनी पदर तोंडाला लावला. बंगल्यातली पोरं तोवर गुडघाभर पाण्याकडे बघत मॅनेजरशी पैसे परत मागण्यावरून भांडत होती.

परतीच्या लोकलमध्ये आबा गुडघ्यापर्यंत भिजलेले, खिडकीला डोकं टेकून झोपले. माझ्या केसांना धुराचा वास तीनदा धुऊनही राहिला. त्याहून चिवट निघाली ती गल्लीच्या तोंडाशी अडकलेल्या बंबाची आठवण.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सोसायटीच्या गेटपाशी उभी राहिले. बंब आत वळला असता का? शक्यच नाही, वळणावरच तीन गाड्या लावलेल्या. आबांना खाली बोलावलं. त्यांनी एक नजर टाकली, चपला सरळ केल्या आणि थेट दारोदार निघाले. दोन गाड्या निमूट हलल्या. तिसऱ्या मजल्यावरचे साहेब मात्र दारातच हाताची घडी घालून उभे राहिले.

"पण आग लागलीय कुठे?"

"लागल्यावर," आबा म्हणाले, "तुमाला चावी घावायची न्हाई."