आभाळात जाणारी पळी

हिनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. नात टीव्ही लावून बसली होती. पडद्यावर झाडू, कुकर आणि पळी आभाळात उडत होती, वर बडबडतही होती. ही खुदकन हसली. मी ओरडलो, "बंद करा तो तमाशा. भांडी कधी बोलतात?"

ही म्हणाली, "तुम्ही तरी कुठं बोलता? नुसते वसकन अंगावर येता."

दुसऱ्या दिवशी दुपारी ही गेली.

महिना झाला, ते कार्टून अजून चालूच आहे. मला त्याची चीड येते. त्यात कुणी म्हणून मरत नाही. कुकर फुटला तरी पुढच्या भागात साबूत! आणि घरातली शिकलेली माणसं पोरीला सांगतात, आजी वर चांदणी झाली. अरे, तिची राख सावडली मी, या हातांनी. कसली चांदणी?

काल नातीनं आजीची पितळी पळी गच्चीच्या कठड्याला टेकवून ठेवली, तोंड आभाळाकडे करून. "आजोबा, ही आजीकडे चाललीय. तिच्याकडे आमटी वाढायला काहीच नाही."

खरं काय ते सांगून टाकायला मी तोंड उघडलं. सुनेनं डोळ्यांनीच नको म्हटलं. मी तसाच खाली आलो.

आज सकाळी सगळ्यांच्या आधी उठलो, गच्चीवर जाऊन पळी उचलली आणि माझ्या ट्रंकेत धोतरांखाली दडवली. नात उठली, वर धावली आणि ओरडतच खाली आली, "आजोबा, गेली!"

"हो," मी म्हटलं, "गेली."