मायाप्पाचा मुतखडा

नवी पेठेतल्या आमच्या साडीच्या दुकानातला मायाप्पा म्हणजे झुपकेदार मिशांचा गडी. मंद्रूपहून रोज एसटीनं येतो. गादीवर उभा राहून इरकल स्वतःच्या खांद्यावर घेई, पदर हातावर पसरून असा वळे की बायकांना मिशा दिसायच्याच नाहीत. मी शेजारी ब्लाऊजपीस फाडतो, रोजचं बघणं आहे माझं. ती गादी म्हणजे त्याचा जीव की प्राण.

लग्नसराईत मालकांनी गल्ल्याजवळ माईक बसवला. हिंदुराव मालक मनाचे चांगले, पण जिभेला हाड नाही. गिऱ्हाईक काही न घेता उठलं की भर दुकानात पुकारा, “मायाप्पा, झोपलास का रं?” हळूहळू माईक नुसता खरखरला तरी मायाप्पाची छाती धडधडायला लागली. साडी हातातून निसटायची. खांद्यावर घेणं तर बंदच झालं. झोप उडाली, अन्न तुटलं. शेवटी त्याच्या बायकोनं, केराबाईनं, हाताला धरून मनाच्या डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दर गुरुवारी बोलायला जायचं ठरलं.

आता दुकानात सांगायचं काय? खरं कळलं तर मालक गादीवरून उतरवून गोदामात टाकतील, ही धास्ती. मला तेवढं खरं सांगितलं आणि बाकीच्यांना ठोकून दिलं, “मुतखडा हाय.”

झालं! मुतखडा म्हटल्यावर आपल्याकडं प्रत्येक जण वैद्य. जोतिराम शिंप्यानं पानफुटीची पानं आणली. मालकांच्या आई गोजरबाई तर पहाटे उठून कुळथाचं कढण करायच्या आणि मालक ते समोर उभं राहून पाजायचे. मायाप्पा डोळे मिटून गिळायचा, मी तोंडावर कापड धरून हसायचो.

एका गुरुवारी मालक म्हणाले, “आज मीबी येतो. इचारतो डॉक्टरला, खडा पडंना कसा!”

मायाप्पाचा चेहरा उतरला. मग एका दमात बोलून गेला, “खडा न्हाय, मालक. मनाचं दुखणं हाय. तुमचा माईक वाजला की जीव घाबरा हुतोय. गोदामात टाकायचं तर टाका, पर कढण बास झालं!”

मालकांनी कढणाच्या डब्याला सावकाश झाकण लावलं.

“आईला रोज पहाटं उठवलंस की रं! आनि तुला गोदामात टाकून हितं इरकल काय मी अंगावर घिऊ?”

हशा पिकला. मालक मात्र हसले नाहीत. त्यांनी माईकची वायर उपटली आणि तो स्वतः गोदामात ठेवून आले.

मायाप्पा लगेच बरा झाला असं नाही. पण परवा वळसंगच्या एका बाईसाठी त्यानं इरकल उचलली आणि खांद्यावर घेतली. बाईंनी बराच वेळ पाहिलं, नाक मुरडलं आणि काही न घेताच उठल्या. मी ब्लाऊजपीस फाडता फाडता थांबलो. मालकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

मायाप्पानं शांतपणे साडीची घडी घातली आणि पुढच्या बाईंना विचारलं, “काय दाखवू, ताई?”

आनंदाच्या भरात माझा ब्लाऊजपीस वाकडा फाटला.