मैदानाकडे पाठ

भोंग्याला कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर तो मागे वळूनही बघायचा नाही. पत्र्याचे डबे बनवणाऱ्या कारखान्यात तो प्रेसवर होता. ती मशीन दिवसभर धाडधाड आपटत असते. शेजारच्याला पाना मागायचा तरी नरडं फाडावं लागतं. त्यामुळे आवाज असा झालेला, की घरी "मीठ दे" म्हणाला तरी खालच्या मजल्यावरचे दार उघडून वर बघायचे.

बायको म्हणायची, "अहो, मी समोरच आहे. परगावी नाही गेलेले."

कारखान्यात या आवाजाचं कुणाला कौतुक नव्हतं, तिथे सगळेच बोंबलायचे. कौतुक रविवारी. क्लबची मॅच असली की भोंगा स्टँडच्या पुढच्या लोखंडी कठड्यावर चढायचा, एका हाताने खांब धरायचा, दुसरा हात वर करायचा, आणि अख्ख्या स्टँडला ओरडायला लावायचा. तो "कोण?" म्हणाला की हजारभर माणसं "आम्ही!" म्हणायची. आता ओरडायला लावायचं तर तोंड लोकांकडे पाहिजे. म्हणजे पाठ मैदानाकडे. बरीच वर्षं हा माणूस एकही मॅच चुकवत नव्हता आणि एकही मॅच बघत नव्हता.

"एक गोल तरी पाहिलाय का हो आयुष्यात?" बायको विचारायची.

"लोकांची तोंडं बघतो ना. तोंडावर सगळं दिसतं."

"मग घरीच बसा, माझं तोंड बघा. तिकीट नाही लावणार."

आधी त्याला मॅच सांगायला माणूस होता. त्याच्याच कारखान्यातला फिटर, जिवाचा दोस्त. तो कठड्याच्या खाली उभा राहायचा, मैदानाकडे तोंड करून. काही झालं की भोंग्याच्या पॅन्टचा पाय ओढायचा. पाय ओढला की भोंगा घोषणा अर्धी तोडून लगेच खाली वाकायचा. दोस्त कानात सांगायचा, "कॉर्नर मिळालाय", "आपल्या गोलकीपरला लागलंय, जरा टाळ्या पाड." त्यावर पुढची घोषणा ठरायची. लोकांना वाटायचं भोंग्याच्या पाठीला डोळे आहेत. डोळे खाली उभे होते.

मग एक दिवस मशीनपाशीच फिटरच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत तो गेला.

त्याच्या जागी त्याची बायको उभी राहायला लागली. ती हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायच्या कामाला. फुटबॉलची तिला आवड होती असं नाही, पण तोवर तिचा मुलगा टीममध्ये आला होता. त्याला सगळे टाचणी म्हणायचे. दिवसा घरोघर गॅस सिलिंडर पोचवायचा. पोरगा इतका काटकुळा, की जिन्यावर भेटला तर कोण कोणाला उचलून नेतंय तेच कळायचं नाही. पण पायात बॉल आला की भल्याभल्यांना घाम फुटायचा.

टाचणीने गोल मारला की तो थेट कठड्यापाशी यायचा. भोंगा वरून वाकायचा, दोघं कपाळाला कपाळ लावायचे. एवढंच. खाली आई उभी, वर बापाचा दोस्त, मध्ये पोरगा. स्टँडमधली रडकी माणसं तिथे हमखास रडायची.

यंदा नवीन नियम आला. गोल झाल्यावर खेळाडू प्रेक्षकांकडे गेला की पिवळं कार्ड. दुसऱ्या एका मैदानावर असाच एक जण लोकांकडे धावला होता, मागची माणसं पुढे लोटली आणि कठडाच खाली आला. म्हणून नियम. टाचणीने दोनदा असं कार्ड खाल्लं. हसत खाल्लं. "काकांना भेटल्याशिवाय गोल झाल्यासारखा वाटत नाही," म्हणाला. एका कार्डाने काही बिघडत नाही. एकाच मॅचमध्ये दोन पडली तर मात्र लाल कार्ड. मैदानाबाहेर, आणि पुढच्या मॅचलाही घरी.

तर शेवटच्या दोन मॅच उरल्या होत्या. क्लब तळाला. एक तरी जिंकायची किंवा शेवटच्या मॅचला निदान बरोबरी करायची, नाहीतर खालच्या गटात घसरायचं. खालच्या गटात गेला की क्लब संपला म्हणून समजा.

त्यातल्या पहिल्या मॅचला पहिल्या अर्ध्यातच टाचणीने एकाला पाडलं आणि पिवळं कार्ड खाल्लं. स्टँडमधून "अरेरे" निघालं. भोंग्याला ते तोंडांवर दिसलं. काहीतरी वाईट झालंय हे त्याला कळलं. पण घोषणा अशी रंगात आलेली, की त्याने आवाज अजून चढवला. तेवढ्यात पॅन्टचा पाय ओढला गेला.

टाचणीची आई.

"थांबा हो वहिनी, आत्ता नाही!"

तिने परत ओढला. जोरात. भोंग्याने पाय झटकला. आणि तिसऱ्यांदा तिचा हात लागला तेव्हा त्याने पाय उचलून कठड्याच्या वरच्या दांडीवर ठेवला. तिचा हात पोचणार नाही अशा जागी.

दुसऱ्या अर्ध्यात गोल झाला. समोरची तोंडं फुटली, माणसं एकमेकांवर पडली. भोंगा वळला. टाचणी पळत येत होता. आणि मध्येच थांबला. चार पावलांवर अक्षरशः थबकला. खाली त्याची आई दोन्ही हातांनी हवा मागे ढकलत होती, तोंडाने काहीतरी ओरडत होती. तिचा आवाज कुणाला ऐकू जाणार? भोंग्याने दोन्ही हात पसरले होते आणि मागे अख्खा स्टँड त्याच्यासोबत बोंबलत होता. "ये! ये! ये!"

पोराने आईकडे बघितलं. मग वर बघितलं. मग आला.

कपाळाला कपाळ लागलं. शिट्टी वाजली. पिवळं, त्यामागून लाल. दहा जणांत टीमने दोन गोल खाल्ले आणि जिंकलेली मॅच हरली.

आणि भोंग्याने काय केलं? शेवटची शिट्टी होईपर्यंत रेफरीला शिव्या घातल्या. हजार तोंडांनी घातल्या. खाली बघितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात चहाच्या सुट्टीत तोच विषय.

"गोल मारल्यावर पोराने करायचं काय?" लोडिंगवाला तावातावाने म्हणाला. "रेफरीला नमस्कार करून रांगेत उभं राहायचं?"

"आनंदाला कार्ड! उद्या घामाला देतील," पॅकिंगमधली मावशी म्हणाली. "गोल मारून गपगुमान माघारी फिरणारा पोरगा मला तरी बघवणार नाही."

सुपरवायझर म्हणाला, "माझा साडू त्या पडलेल्या कठड्याखाली होता. अजून लंगडतो. त्याला विचारा आनंद."

"मग कठडा नीट बांधा ना! कार्ड कशाला?"

"आणि बांधेपर्यंत?"

यावर मावशी बशीत बघत बसली. मग लोडिंगवाल्याने भोंग्याच्या पाठीवर थाप मारली. "भोंगादादाची तर काहीच चूक नाही. पाठ मैदानाकडे, त्यात मशीनने कान गेलेले. त्याला बिचाऱ्याला काय माहीत पोराला आधी कार्ड पडलंय!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भोंग्याने चहा तोंडाला लावला. जीभ पोळली, तरी कप खाली ठेवला नाही. कप तोंडाला असेपर्यंत बोलावं लागत नव्हतं.

घरी दोन दिवस तो हळू बोलला. बायकोने थर्मामीटर काढलं.

"ताप नाहीये," ती म्हणाली. "मग काय गिळून बसलाय?"

"काही नाही."

"काही नाही इतक्या हळू कुणी म्हणत नाही."

तिसऱ्या दिवशी तो टाचणीच्या घरी गेला. सांगायलाच गेला होता. जिना चढताना शब्द जुळवत होता. दार टाचणीनेच उघडलं, सिलिंडर उचलून खांद्याला पडलेला वळ चोळत. आई आत मोरीत भांडी घासत होती. नळ वाहत होता.

"या काका. आई, काका आलेत."

आतून नुसता भांड्यांचा आवाज.

भोंगा खुर्चीच्या टोकावर बसला. भिंतीवर दोस्ताचा फोटो. त्याने छताकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. "पंखा आवाज करतोय," म्हणाला.

"करतो."

"तेल घाल."

"घालतो." टाचणी समोर बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका काका. तुम्हाला कुठे माहीत होतं मला आधी कार्ड पडलंय. हो ना?"

आतला नळ बंद झाला.

पोरगा सरळ त्याच्या डोळ्यांत बघत होता. भोंग्याच्या तोंडात शब्द आला होता, अगदी दातांपर्यंत आला होता. आणि हजार माणसांना ओरडायला लावणारा हा बाबा पुटपुटला, "हो ना. पाठ होती माझी."

टाचणीने मान हलवली. नळ परत सुरू झाला. चहा आला नाही. भोंगा उठला, चपला घालताना डावी-उजवीची अदलाबदल झाली, तशाच घालून तो जिना उतरला.

शेवटच्या मॅचला तो जाणारच नव्हता. बायकोने ढकलून बाहेर काढला. "घरात बसून माझं डोकं खाण्यापेक्षा तिथे खा लोकांचं."

तो गेला, पण कठड्यावर चढला नाही. लोक ओढत होते, हा नको नको करत होता. टाचणी घरी बसायच्या शिक्षेवर, म्हणून साध्या कपड्यांत स्टँडमध्ये आलेला. कुणीतरी ओरडलं, "मग पोराला चढवा!" पोराला चढवला. भोंगा खाली, दोस्ताच्या जागी. शेजारी वहिनी. तिने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली.

आणि भोंग्याने मैदान बघितलं. इतकं मोठं असतं हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. आपली पोरं कुठली, त्यांची कुठली, हे कळायलाच वेळ गेला. जन्मभर ज्यांची नावं बोंबलत आला, त्यातला कोण कुठे खेळतो ते त्याला ठाऊक नव्हतं. मग आपल्या बॅकने एकाला आडवा पाडला आणि रेफरीने खिशातून कार्ड काढलं. भोंगा बघतच राहिला. एवढंसं? काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. या एवढ्याशासाठी ती बाई तीनदा पाय ओढत होती.

टाचणीचा आवाज बारीक, पण लोक त्याला साथ देत होते. आपण एक गोल मागे. बराच वेळ तसंच. मग कॉर्नरवरून त्याच बॅकने डोकं घातलं आणि बॉल जाळ्यात. बरोबरी! क्लब वाचत होता!

बॅक वेडा झाला. जर्सी ओढत थेट कठड्याकडे सुटला. कार्ड खाल्लेला तोच. वर टाचणीची अजून मैदानाकडे पाठ, लोक त्याच्या अंगावर लोटलेले. भोंग्याने हात वर केला आणि पोराच्या पॅन्टचा पाय ओढला.

पहिल्याच ओढीला टाचणी खाली वाकला. घोषणा तोंडातच सोडून, कान पुढे करून.

"काय झालं काका?"

भोंगा ओरडला, "त्याला कार्ड पडलंय! मागे घालव!"

टाचणी गर्रकन वळला आणि दोन्ही हातांनी हवा मागे ढकलली. खाली भोंगा तेच करत होता, शेजारी वहिनी तेच. तिघांना बघून बॅक कठड्यापासून दोन पावलांवर घसरत थांबला, कपाळावर हात मारला, हसत माघारी पळाला. रेफरीचा हात खिशाशी गेला होता. तो रिकामाच बाहेर आला.

मॅच बरोबरीत सुटली. क्लब वाचला. लोक भोंग्याला उचलायला आले, "दादाने वाचवलं, दादाने वाचवलं" म्हणत. तो त्यांच्या हाताखालून सटकला आणि गेटपाशी टाचणीला गाठलं. आई सोबत होती.

"ऐक," भोंगा म्हणाला. आवाज फाटका निघाला. "त्या दिवशी तुझ्या आईने माझा पाय ओढला होता. तीनदा. कार्डाचंच सांगायला. मी वाकलो नाही. पाय वर घेतला. ओरडण्याची मस्ती चढली होती मला. तुमच्या घरी आलो तेव्हा खोटं बोललो."

टाचणी चपलेने माती उकरत होता. "माहितीये," तो म्हणाला. "आईने त्याच दिवशी सांगितलं."

"माहिती होतं? मग त्या दिवशी मला विचारलंस ते..."

"तुम्ही सांगाल म्हणून विचारलं."

भोंग्याने वहिनीकडे बघितलं. तिने नजर चुकवली नाही. त्यानेच चुकवली. मागे स्टँडमध्ये लोक अजून त्याच्या नावाने ओरडत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, कुणीतरी यांना गप्प करा रे.

"चला," वहिनी म्हणाली. "गर्दी सुटायच्या आत निघू. नाहीतर बस चुकेल."

टाचणी पुढे झाला. ती त्याच्यामागे. भोंगा उभाच होता. दहा पावलांवर जाऊन टाचणी थांबला, वळला, पण हाक मारली नाही. नुसता उभा राहिला. भोंगा खाली मान घालून त्यांच्यामागून चालायला लागला.