अकरा नंबरचं पत्र

करोल बागेत ताडपत्रीच्या दुकानापाशी मी थांबलो. दादाच्या पत्रांना हाच वास यायचा.

श्रीलंकेतल्या यादवीत भारतीय शांतिसेनेतली त्याची तुकडी तंबूत राहत होती. पत्रं मागेपुढे पोचत, म्हणून आम्ही प्रत्येकावर नंबर घालायचो. अकराव्यात आईने लिहिलं, "रजा घेऊन ये, जीव थाऱ्यावर नाही."

"त्याचं मन कच्चं करायचं नाही," बाबांनी मला बजावलं. मी आईचं पत्र टाकलंच नाही. माझ्या खुशालीच्या पत्रावर अकरा घातला.

दादाचं उत्तर आलं: "अकरा मिळालं. माझी रजा तंबूतल्या जोडीदाराला दिली, त्याला मुलगी झालीय. मी पुढच्या महिन्यात नक्की."

आईला वाटलं, तिचंच पत्र पोचलं. पुढच्या महिन्यात तार आली, दादा गेल्याची.

"मी बोलावलं, तरी आला नाही," आई मरेपर्यंत म्हणायची. मी समोर बसून ऐकायचो.