पोळ्यांच्या डब्यातला बोर्ड

आजोबा गेल्याचं सांगायला मी फोन केला, त्यानंतर तुमच्या बाबाने मला विचारलं, "आई, तुझा आवाज इतका शांत कसा होता गं?" साथीमुळे देशांच्या सीमा बंद होत्या, तुम्ही टोरांटोहून येऊ शकत नव्हता, अंत्यविधीला आम्ही दहाच माणसं होतो आणि तुम्ही सगळं पडद्यावर पाहिलंत. तेव्हा मी "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. आता पाच आठवडे झालेत, तर नीट क्रमाने सांगते.

तुम्ही आजोबांना एका गोष्टीवरून फार चिडवायचात. चार्जर असो, व्हॅक्युम क्लीनरची पिशवी असो की प्रिंटरची शाई, ज्या कंपनीचं यंत्र त्याच कंपनीची वस्तू हवी. दुसरी घरात यायची नाही. ईशान, तू एकदा स्वस्तातला चार्जर आणलास तर त्यांनी तो तुझ्याच बॅगेत परत ठेवला होता, आठवतं? तुम्हाला तो हट्ट वाटायचा. ती भीती होती...

आम्ही इथे, क्लेटनला, आलो तेव्हा आजोबा युनिव्हर्सिटीच्या कॉम्प्युटर सेंटरमध्ये होते आणि मी तिथल्याच ऑफिसात खरेदीचे कागद टाइप करत असे. सगळ्या विभागाचा मिळून एक मिनीकॉम्प्युटर, कपाटाएवढा. त्याची मेमरी इतकी थोडी, की तुमच्या फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावला नसता. मूळ कंपनीची जादा मेमरी फार महाग. बाहेरचे विक्रेते तशाच मेमरीचा बोर्ड पुष्कळ कमी किमतीत देत. आजोबांनी तोच घ्यायचा आग्रह धरला आणि सही केली. अडचण एकच होती. देखभालीचा करार मूळ कंपनीशी होता आणि त्यांना मशीनमध्ये बाहेरची वस्तू चालत नसे. मग आम्ही एक पद्धत पाडली. कंपनीचा इंजिनियर यायच्या दिवशी आजोबा सकाळीच बोर्ड काढायचे, माझ्या पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचे आणि डबा माझ्या ड्रॉवरमध्ये. इंजिनियर गेला की बोर्ड परत मशीनमध्ये. त्या दिवशी पोळ्या रुमालात.

एका दुपारी मशीन अचानक बंद पडलं. इंजिनियर ग्रॅहॅम जवळच कुठेतरी होता, तो दहा मिनिटांत हजर. बोर्ड काढायला वेळच मिळाला नाही. त्याने मशीनचं दार उघडलं, बोर्ड पाहिला आणि अहवालात लिहिलं, दोष बाहेरच्या मेमरीचा. त्या बिघाडात हेलन नावाच्या विद्यार्थिनीचे पीएचडीचे आठ महिन्यांचे आकडे गेले. टेपवरची प्रत जुनी निघाली. बोर्ड काढल्यावर मशीन मुकाट्याने चालू लागलं, त्यामुळे कुणालाच शंका उरली नाही. आजोबांना तर मुळीच नाही. पुढचे दोन महिने ते रोज दुपारी हेलनशेजारी बसून तिच्या वह्यांमधले आकडे पुन्हा भरत होते. तिला पदवी मिळाली. पण "माझ्या सहीने त्या पोरीचं वर्ष गेलं," हे वाक्य त्यांनी इतक्या वर्षांत कितीदा म्हटलं असेल... बोर्ड त्यांनी घरी आणला, त्याच डब्यात ठेवला, आणि मी पोळ्यांसाठी नवा डबा घेतला.

लॉकडाऊनमध्ये सेंटरमधली जुनी मंडळी दर गुरुवारी झूमवर भेटू लागली. एकदा ग्रॅहॅमही आला. मी कपाट आवरत होते, गंमत म्हणून तो डबा उघडून कॅमेऱ्यासमोर धरला. सगळे हसले. ग्रॅहॅम हसला नाही.

"मित्रा, तुला एक सांगायचं राहून गेलंय," तो आजोबांना म्हणाला. "त्या दिवशी वीजपुरवठ्याची एक जोडणी जळून काळी पडली होती. आमच्याच मशीनमधली. ती मी गुपचूप बदलली. पण बाहेरचा बोर्ड दिसला की आधी त्याचं नाव लिहायचं, असं वरून सांगितलेलं होतं. मी नवा होतो. सॉरी."

आजोबा कॅमेऱ्याजवळ सरकले. मग म्हणाले, "म्हणजे बोर्ड चांगला होता?"

"एकदम चांगला. आमच्यापेक्षा बरा."

मी इतकी संतापले की लॅपटॉप मिटायलाच निघाले होते. "अहो, चाळीस वर्षं तुम्ही स्वतःला खात बसलात आणि हा आता सॉरी म्हणतोय!"

"अगं, सोड," ते म्हणाले. "बोर्ड चांगला होता ना?" आणि डोळे पुसत हसायला लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी हेलनचा पत्ता काढून तिला ईमेल केली. तिचं उत्तर आलं, "मी तुम्हाला कधीच दोष दिला नव्हता. मला तुम्ही शेजारी बसलेले तेवढे आठवता."

त्यानंतरचे तीन आठवडे ते फार छान झोपले. हृदय थकलेलंच होतं, ते काही सुधारलं नाही. पण एका सकाळी चहा घेताना आपण होऊन म्हणाले, "प्रिंटरची शाई संपलीय ना? ती दुसऱ्या कंपनीची मागव. स्वस्तातली." मी लगेच मागवली. त्याच आठवड्यात, दुपारी, खिडकीतल्या उन्हात खुर्चीवर बसल्या बसल्या ते गेले. म्हणून माझा आवाज शांत होता, बाळांनो.

शाईचं पार्सल ते गेल्यावर चार दिवसांनी आलं. उघडायचा धीर होत नव्हता. आज इथवर लिहून झालं, तेव्हा ती शाई प्रिंटरमध्ये घातली आणि पहिलं पान काढलं. पान खिडकीशी धरून पाहिलं. अक्षरं काळीभोर, एकही रेघ तुटलेली नाही.

"चांगली आहे हो," मी खुर्चीकडे बघून म्हटलं.