पार्सलातल्या बिबड्या

नव्वदच्या दशकात आम्ही दोघी धुळ्यात एका खोलीत भाड्याने राहायचो. मी शाळेत शिकवायचे, ती दवाखान्यात नर्स होती. गल्लीच्या लेखी आम्ही मैत्रिणी होतो. त्यापुढचं सगळं मी एका कादंबरीत लिहिलं होतं: दोन बायकांचं प्रेम, रुसवेफुगवे आणि शेवटी दोघींनी थाटलेला संसार.

पुण्यात दोन बाया मिळून एक छोटं प्रकाशन चालवतात आणि फक्त असल्याच प्रेमाच्या गोष्टी छापतात, असं कळलं तेव्हा मी आनंदाने वेडी व्हायचीच बाकी राहिले. लगेच सुवाच्य अक्षरात प्रत उतरवायला बसले. कोपऱ्यात फोन नंबर लिहिला तो घरमालकीण अक्कांचा. गल्लीत फोन तेवढाच होता.

गल्लीतली पार्सलंही अक्काच शिवायच्या. मांजरपाटाचं कापड आणि दाभण त्यांच्याकडे कायम तयार असे. "शाळेचे कागद आहेत," असं सांगून मी गठ्ठा त्यांच्या हवाली केला. अक्कांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त होते. दुसऱ्या दिवशी पार्सल जरा फुगलेलं वाटलं, पण मी घाईत होते. पोस्टात रजिस्टर करून आले तर अक्का ओट्यावर बसलेल्या.

"बिबड्या टाक्यात मी त्याम्हा," त्या म्हणाल्या. "पुनाले नुसता कागदच धाडशी? चांगलं दिखस का ते?"

ज्वारीच्या त्या पापडांत लसूण आणि मिरची सढळ हाताने घातलेली असणार. माझ्या नायिका पहिल्यांदा एकमेकींचा हात धरतात, त्या पानावर मिरचीचे डाग पडणार. खोलीवर येऊन तिला सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. मी दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही.

नंतर मात्र खरी धास्ती होती ती फोनची. अक्कांना गोष्ट कळली तर खोली जाणार, आणि दोन बायकांना दुसरी खोली धुळ्यात कोण देणार? एका रविवारी सकाळी अक्कांची हाक आली. मी धावत गेले तर त्या रिसीव्हर कानाला लावून ज्वारी कशी भिजवायची, कशी दळायची, पीठ किती शिजवायचं, हे पुण्याला समजावून सांगत होत्या. पुस्तक घेतलं की नाही हे कळायच्या आधी मला बिबड्यांची अख्खी कृती ऐकावी लागली.

शेवटी फोन माझ्या हातात आला. "पुस्तक आम्ही छापतोय," पलीकडची बाई म्हणाली. "पानांना लसणाचा वास येतोय, पण एका बैठकीत वाचलं. एकच शंका आहे. तुमच्या गावात दोघींचा असा संसार टिकेल, हे वाचकाला पटेल का?"

अक्का समोरच मेथी निवडत बसल्या होत्या. मला खोटं बोलता आलं असतं. पण इतका आनंद झाला होता की तोंडून निघूनच गेलं, "टिकतो. आमचा टिकलाय ना."

फोन ठेवला. अक्कांनी मान वर केली नाही.

"मी फोनवर इचारं तिले, घर मा कोन कोन शे," त्या मेथीची देठं बाजूला टाकत म्हणाल्या. "त्या बी दोन्हीच शेत. तुमन्यासारख्या."

मी त्यांच्याजवळ बसून मेथीची एक जुडी हातात घेतली.

"जाय, तिले सांग पहिले," अक्का म्हणाल्या. "कव्हयनी दार मा उभी शे ती."

मी वळून पाहिलं. ती खरंच आमच्या दारात उभी होती, ओल्या हातांनी, अर्धी वेणी घातलेली.